हातचा एक : एडीएचडी असलेल्यांनी मोठ्याने विचार करावा का?

प्रश्न विचारणाऱ्या भगिनी ३४ वर्षांच्या असून पुण्यातील एका खासगी कंपनीच्या लेखा विभागात काम करतात. गेल्या वर्षी त्यांना एडीएचडीचे (लक्ष टिकवणे आणि उतावळेपणा आवरणे अवघड जाण्याच्या स्थितीचे) निदान झाले आणि औषधही सुरू आहे. त्या लिहितात की जीएसटीचा ताळा जुळवताना किंवा कुठे अडकल्यावर स्वतःशी बोलले तरच काम पुढे सरकते. मनातल्या मनात करायला गेले की तिसऱ्या पायरीवर पोहोचेपर्यंत पहिली पायरी विसरलेली असते. कार्यालयात यावरून सहकारी हसतात. सून एकटीच बोलत बसते, याची घरी सासूबाईंना चिंता वाटते. शिवाय चौथीतल्या मुलाच्या वहीत त्याच्या बाईंनी 'गणित करताना तोंड बंद ठेवायची सवय लावा' असा शेरा लिहून पाठवला आहे. ही सवय मोडावी की वापरावी, आणि वापरायची तर कशी, असे त्यांनी विचारले आहे.

ही सवय मोडू नका, हे आपल्या प्रश्नाचे थेट उत्तर. गेली बावीस वर्षे मी चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करते आहे आणि त्यातील बराच काळ एडीएचडी असलेल्या प्रौढांसोबत गेला आहे. निदान होण्याच्या कितीतरी आधी स्वतःशी बोलण्याचा उपाय ज्यांनी आपला आपणच शोधून काढला होता, अशी माणसे मला सतत भेटत आली, आणि त्यांतल्या बहुतेकांनी ही गोष्ट सांगताना आवाज खाली आणला होता. मात्र नुसते बोलणे वेगळे आणि बोलत बोलत विचार करणे वेगळे. आपल्याला याचा खरा उपयोग व्हायचा असेल तर तो फरक नीट कळला पाहिजे, म्हणून या उत्तराचा मोठा भाग मी त्यासाठीच खर्च करणार आहे.

प्राथमिक शाळेत उभी बेरीज शिकताना आपण सगळेच म्हणत असू, "आठ नि सात पंधरा, पाच लिहिले, हातचा एक." मानसशास्त्रात जिला कार्यरत स्मृती म्हणतात, तिच्यासाठी 'हातचा' याहून नेमका शब्द मला मराठीत सापडलेला नाही. एकक स्थानाचे काम संपलेले आहे, दशक स्थानाचे अजून सुरू व्हायचे आहे, आणि मधल्या दोन-तीन सेकंदांत एक आकडा कुठेतरी धरून ठेवायचा आहे. त्यासाठी कोणी बोट दुमडते, कोणी डोक्यावर बारीक एक लिहिते, कोणी तो तोंडाने म्हणते. एडीएचडी असलेल्या सर्वांचा नव्हे, पण पुष्कळांचा नेमका हा हातचा निसटतो. रीत येत असते, पाढे पाठ असतात, समजही चांगली असते. पण दशक स्थानावर जाईपर्यंत बाहेर फोन वाजलेला असतो किंवा मनात दुसराच विषय निघालेला असतो, आणि मधला एक नाहीसा होतो. आपण जे 'तिसऱ्या पायरीवर पहिली विसरते' असे लिहिले आहे, ते याचेच मोठ्या कामातील रूप आहे.

अ‍ॅलन बॅडली आणि ग्रॅहम हिच यांनी १९७४ मध्ये कार्यरत स्मृतीचे जे प्रारूप मांडले, त्यातून पुढे असे दिसून आले की शब्दांचा ठसा मनात साधारण दोन सेकंद राहतो आणि उजळणी झाली नाही तर पुसट होत जातो. मनातल्या मनात उजळणी चालू ठेवायची तर त्यासाठीही अवधान खर्च करावे लागते, आणि अवधान हीच तर आपली तोकडी पुंजी. तोच शब्द मोठ्याने उच्चारला की तो कानावाटे परत आत येतो, म्हणजे उजळणीचे निम्मे काम तोंड आणि कान मिळून उचलतात. दुसरी गोष्ट मला याहून महत्त्वाची वाटते. मनात एकाच वेळी चार वाटा फुटू शकतात, पण तोंडातून एका वेळी एकच वाक्य बाहेर पडते. चौफेर पळणाऱ्या विचारांना एका रांगेत उभे करण्याचे काम बोलणे आपोआप करते, आणि बोलण्याचा वेग विचारापेक्षा कमी असल्यामुळे उतावळेपणाने मधल्या पायऱ्या गाळण्यालाही थोडा आळा बसतो. तिसरा फायदा माझ्याकडे येणाऱ्या अनेकांनी स्वतःहून सांगितला आहे: लक्ष भरकटले की आवाज थांबतो. मनातल्या मनात भरकटलो हे वीस मिनिटांनी कळते, पण आपलाच आवाज बंद पडला आहे हे बऱ्याचदा मिनिटाभरात ध्यानात येते.

आता तो फरक. मोठ्याने विचार करण्याचा पद्धतशीर अभ्यास अँडर्स एरिक्सन आणि हर्बर्ट सायमन यांनी १९८० च्या सुमारास केला. मनात जे चालले आहे ते तसेच्या तसे उच्चारले तर काम थोडे मंदावते, पण विचाराची वाट फारशी बदलत नाही. मात्र 'असे का केले' याचे कारण सांगायला लावले की विचार करण्याची रीतच बदलते, असे त्यांचे प्रतिपादन होते. मिशेलिन ची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये भौतिकशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यांवर केलेल्या अभ्यासातही, सोडवलेले उदाहरण वाचताना प्रत्येक पायरी स्वतःला समजावून सांगणारे विद्यार्थी पुढची उदाहरणे अधिक चांगली सोडवताना आढळले. हे अभ्यास एडीएचडी असलेल्यांवर झालेले नाहीत हे खरे, परंतु माझ्या कामातील अनुभव याच दिशेचा आहे. हातचा सांभाळण्यासाठी नुसता उच्चार पुरतो. पण अडलेला प्रश्न सोडवायचा असेल तर तोंडातून वर्णन नव्हे, प्रश्न निघाला पाहिजे.

आपण पत्रात दिलेलेच उदाहरण घेते. एका पुरवठादाराची महिन्याची चाळीस बिले, खरेदी नोंदवहीतला एकूण कर आणि जीएसटीआर-२बी (पुरवठादारांनी भरलेल्या माहितीवरून तयार होणारे जीएसटीचे विवरण, थोडक्यात 'टूबी') मधला एकूण कर यांत सत्तावीस रुपयांचा फरक, आणि त्यापायी गेलेली अख्खी दुपार. त्या दुपारचे आपले बोलणे आपण आठवून लिहिले आहे: "हे बिल बघितलं, हेही बघितलं, अरे हे कुठे गेलं, थांब, परत वरून बघू, वीस तारीख आली, अजून काहीच झालेलं नाही, साहेब विचारतील." या बोलण्यात डोळ्यांनी जे दिसले आणि मनात जे भय आले त्याचे धावते वर्णन आहे. ते कितीही वेळ चालू शकते, कारण त्यातले कोणतेही वाक्य पुढच्या वाक्याला वाट दाखवत नाही.

त्याच कामाचे दुसरे बोलणे असे होऊ शकते: "मला काय हवंय? सत्तावीस रुपये कुठून आले, एवढंच. जास्त कुठे आहेत? आपल्या नोंदवहीत. मग टूबीत नसलेलं बिल आहे का? चाळीसच्या चाळीस दिसतायत, म्हणजे बिल सुटलेलं नाही, आकडा चुकलाय. सत्तावीसला नवाने भाग जातो? जातो. म्हणजे दोन अंकांची अदलाबदल असू शकते. सत्तावीस भागिले नऊ, तीन. मग ज्यांच्या शेवटच्या दोन अंकांत तीनचा फरक आहे तेवढीच बिलं आधी बघायची." लागून असलेल्या दोन अंकांची अदलाबदल झाली की फरकाला नवाने भाग जातो, हे लेखा विभागात आपण माझ्यापेक्षा चांगले जाणता. पत्रात लिहिल्याप्रमाणे शेवटी चूक तिथेच निघाली: बिलात ४,७५८ होते, नोंदवहीत ४,७८५ पडले होते. नियम आपल्याला ठाऊक होता, पण दुपारभर तो आठवला नाही, कारण त्याला हाक मारणारा प्रश्न विचारलाच गेला नाही.

येथे मराठीत काम करणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. आपण 'अठ्ठावन्न' म्हणतो तेव्हा आठ आधी उच्चारतो आणि पन्नास नंतर, पण लिहितो मात्र पाच आधी. बोललेला आकडा टंकित करताना ५८ चे ८५ होण्याला या रचनेमुळे चांगलाच वाव मिळतो. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात २०१९ मध्ये 'एकवीस'बरोबर 'वीस एक' असे वाचन आले तेव्हा मोठा वाद झाला होता. त्या वादात मी शिरत नाही, पण मुलांची जी अडचण त्यामागे होती ती प्रौढांनाही असते, आणि हातचा निसटणाऱ्यांना अधिक. म्हणून आकडे मोठ्याने म्हणायचे तेव्हा अंकवार म्हणावेत: "चार, सात, पाच, आठ." एवढ्या एका बदलाने माझ्याकडे येणाऱ्या एका औषधविक्रेत्याच्या साठ्याच्या नोंदीतील चुका बऱ्याच कमी झाल्या.

प्रश्न कोणते विचारावेत, याची लांबलचक यादी मी कोणाला देत नाही, कारण यादी हरवते. मला काय हवे आहे, आत्ता नक्की काय माहीत आहे आणि पुढची एकच कृती कोणती, हे तीन प्रश्न पुरतात. त्यांतला पहिला सर्वाधिक टाळला जातो आणि सर्वाधिक उपयोगी तोच असतो. प्रश्न आपल्या रोजच्या बोलीत असावेत. घरी वऱ्हाडी किंवा मालवणी बोलत असाल तर वऱ्हाडीत किंवा मालवणीत विचारा. अवजड शब्दांतला प्रश्न स्वतःला विचारताना परका वाटतो आणि दोन दिवसांत सुटतो.

बोलण्याची एक मोठी उणीव अशी की ते हवेत विरते. तीन प्रश्नांची उत्तरे मिळून काम मार्गी लागले आणि तेवढ्यात कोणी चहाला बोलावले, की परत आल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. म्हणून प्रत्येक उत्तरानंतर एक ओळ पेन्सिलीने कागदावर उतरवावी. वाक्य पूर्ण नसले तरी चालेल: 'बिल सुटलेले नाही', 'आकडा उलटा?', 'शेवटचे २ अंक'. बेरजेत डोक्यावर लिहिलेल्या बारीक एकाचे जे काम, तेच या ओळींचे. मोबाइलवर ध्वनिमुद्रण करणारेही आहेत, पण ते मुद्रण पुन्हा ऐकणारे मी फार थोडे पाहिले. कागद समोर पडलेला असतो, तो उघडावा लागत नाही. आपल्यासारख्यांच्या बाबतीत हा भेद लहान नाही.

कार्यालयात हसणाऱ्यांविषयी. सहकाऱ्यांना कदाचित ठाऊक नसेल की जिथे चूक परवडत नाही तिथे मोठ्याने बोलणे ही शिस्त मानली जाते. भारतीय रेल्वेच्या सामान्य नियमांनुसार लोको पायलट आणि सहायक लोको पायलट यांनी समोर येणाऱ्या सिग्नलची स्थिती एकमेकांना मोठ्याने सांगायची असते. जपानच्या रेल्वेत कर्मचारी वस्तूकडे बोट दाखवून तिची स्थिती उच्चारतात, आणि तेथील रेल्वे संशोधन संस्थेच्या १९९४ च्या प्रयोगात काहीही न करता शंभर कृतींमागे २.३८ असलेल्या चुका, बोट दाखवून उच्चार केल्यावर ०.३८ वर आल्या. त्या प्रयोगातील माणसे एडीएचडी असलेली म्हणून निवडलेली नव्हती. साध्या, वारंवार करायच्या कामात उच्चार कोणाच्याही उपयोगी पडतो, एवढे यावरून समजते. आपल्याला त्याची गरज इतरांपेक्षा जास्त वेळा लागते, इतकेच.

तरीही सगळ्यांसमोर बोलणे अवघड वाटणे स्वाभाविक आहे, आणि शेजारच्या माणसाच्या कामात आपल्या आवाजाने व्यत्यय येऊ नये हेही खरे. सुदैवाने आवाज मोठा असण्याची गरज नसते. ओठ हलवून केलेली कुजबुजही बऱ्याच जणांना पुरते. कानात इअरफोन घालून हळू बोलणाऱ्याकडे आज कोणी वळूनही पाहत नाही. एक तरुण अभियंता रोज सकाळच्या लोकलमध्ये दिवसाची आखणी अशीच करतो. महिन्याच्या १४ तारखेला २बी तयार होते आणि बहुतेकांना २० पर्यंत ३बी, म्हणजे कर भरण्याचे विवरणपत्र, भरायचे असते, म्हणजे आपले जड काम त्या मधल्या दिवसांत येते. त्या दिवसांपुरती रोज अर्धा तास रिकामी बैठकीची खोली वरिष्ठांकडे मागून पाहा. निदान सांगायचे की नाही हा सर्वस्वी आपला निर्णय आहे; "ताळा जुळवताना मला मोठ्याने वाचावे लागते" एवढे कारण पुरेसे आहे आणि ते खरेही आहे.

घरी एखादे माणूस ऐकायला मिळाले तर फार चांगले, पण त्याला काम नीट समजावून द्यावे लागते. "मी बोलते, तुम्ही फक्त ऐका, मी थांबले तर 'पुढे?' एवढंच म्हणा," असे यजमानांना आधीच सांगून ठेवा. जवळची माणसे मायेपोटी लगेच उपाय सुचवतात, आणि त्यांचा उपाय ऐकण्यात आपला हातचा पुन्हा निसटतो.

ही पद्धत कुठे चालत नाही, तेही सांगते. वाचन करताना किंवा दुसऱ्याचे बोलणे ऐकताना ती अडथळाच करते. आकृती, मांडणी, रंगसंगती अशा नजरेने सुटणाऱ्या कामांत शब्द पुष्कळदा मध्येच लुडबुडतात; अचानक सुचण्यावर अवलंबून असलेली कोडी सोडवताना मोठ्याने बोलायला लावल्यास यश घटते, असे जोनाथन स्कूलर आणि सहकाऱ्यांना १९९३ मध्ये आढळले होते, जरी नंतरच्या सर्व अभ्यासांत तसेच आढळले असे नाही. सर्वांत जास्त जपायचे ते स्वतःला रागावण्यापासून. "माझं असंच होतं, मला काही जमतच नाही," हे वाक्य मोठ्याने निघाले की तेही कानावाटे परत आत येते. लहानपणापासून 'वेंधळी', 'धांदरट' असे ऐकत मोठ्या झालेल्या बायकांच्या तोंडी ही वाक्ये इतकी बसलेली असतात की त्या ती म्हणतात हेही त्यांच्या लक्षात येत नाही. असे वाक्य ऐकू आले तर तेवढ्यापुरते बोलणे थांबवा, उठून पाणी प्या, आणि परत आल्यावर पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करा. काहींना अशा वेळी स्वतःला नावाने हाक मारून, मैत्रिणीशी बोलावे तसे बोलल्याने मन शांत करायला मदत होते.

औषधाला किंवा उपचाराला हा पर्याय नाही, हेही स्पष्ट लिहिते. डोनाल्ड माइकेनबॉम आणि जोसेफ गुडमन यांनी १९७१ मध्ये उतावळ्या मुलांना स्वतःला सूचना देत काम करायला शिकवले: आधी मोठ्या माणसाने बोलत करून दाखवायचे, मग मुलाने मोठ्याने, मग कुजबुजत, मग मनात. सुरुवातीच्या निष्कर्षांनी आशा निर्माण झाली, पण पुढे एडीएचडी असलेल्या मुलांच्या बाबतीत शिकवणीच्या खोलीत आलेला बदल वर्गात आणि घरी फारसा टिकला नाही. माझ्या मते त्याचे एक कारण असे, की मुलांना दुसऱ्याची वाक्ये पाठ करायला दिली गेली, आणि ती जिथे लागणार तिथे दिली गेली नाहीत. एडीएचडीमध्ये मदत ही काम जिथे आणि जेव्हा करायचे तिथेच आणि तेव्हाच हाताशी असली पाहिजे, हे एडीएचडीचे अभ्यासक रसेल बार्कली यांचे म्हणणे मला रोजच्या कामात पटत आले आहे. म्हणूनच ते तीन प्रश्न आपल्या शब्दांत लिहून संगणकाच्या कडेला चिकटवून ठेवा, डायरीत नको.

सासूबाईंच्या काळजीला उत्तर देणे सोपे आहे आणि ते आपण प्रेमाने द्यावे. त्यांना ज्या आजाराची भीती वाटते त्यात माणसाला इतरांना न ऐकू येणारे आवाज ऐकू येतात, ते बाहेरून कोणी बोलत असल्यासारखे वाटतात, आणि तो त्यांना उत्तरे देतो. आपण बोलता ते आपले स्वतःचे बोलणे आहे हे आपल्याला ठाऊक असते, ते हातातल्या कामाविषयी असते, आणि कोणी खोलीत आले की थांबवता येते. कधी खरोखरच असे अनोळखी आवाज ऐकू आले तर मात्र विनाविलंब आपल्या डॉक्टरांना सांगावे. सासूबाई स्वतः वाणसामान भरताना किंवा पोथी वाचताना पुटपुटत असतील, तर त्यांना हे समजावणे आणखी सोपे जाईल.

राहिला मुलाचा प्रश्न. लेव्ह वायगॉट्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञाने १९३४ पर्यंत जे मांडले ते आजही पायाभूत मानले जाते: मूल आधी इतरांशी बोलते, मग खेळताना व काम करताना स्वतःशी मोठ्याने बोलते, आणि हे बोलणे हळूहळू आत जाऊन त्याचा विचार बनते. लॉरा बर्क आणि मायकेल पॉट्स यांनी १९९१ मध्ये एडीएचडी असलेल्या आणि नसलेल्या मुलग्यांचे गणित करतानाचे स्वतःशी बोलणे अभ्यासले, तेव्हा एडीएचडी असलेल्या मुलांत हे आत जाणे उशिरा होते असे दिसले. ती त्याच वयाच्या इतर मुलांपेक्षा अधिक ऐकू येईल असे बोलत होती. याचा अर्थ आपल्या मुलाला एडीएचडी आहे असा नव्हे. ही स्थिती घराण्यातून उतरण्याचे प्रमाण मोठे आहे, म्हणून त्याला इतर अडचणी असतील तर तपासणी जरूर करून घ्यावी, पण नुसत्या पुटपुटण्यावरून काहीही ठरवू नये. नऊ-दहा वर्षांच्या पुष्कळ मुलांचे ओठ गणित करताना हलतात. तोंड बंद करायला लावल्याने बोलणे लवकर आत जात नाही, फक्त हातचा लवकर निसटतो.

बाईंना वहीतच उत्तर लिहून पाठवा. शिक्षकांचा चाळीस मुलांचा वर्ग असतो, त्यांची अडचण खरी आहे, म्हणून सूर मदतीचा असू द्या: "आपली सूचना मिळाली. इतर मुलांना त्रास होऊ नये म्हणून तो यापुढे कुजबुजत म्हणेल आणि हातचा डोक्यावर लिहील, याचा आम्ही घरी सराव घेत आहोत. त्याला शक्य असल्यास कडेच्या बाकावर बसवावे, ही विनंती." आणि घरी सराव घेताना त्याच्या शेजारी बसून आपणही आपला ताळा बोलत जुळवा, म्हणजे त्याला आईचेही ओठ हललेले दिसतील.